३१ ठिकाणं, ७ बंदरं आणि एक गुडघा

नाशिकहून एका ताईंचं पत्र आलं आहे. त्यातला मुख्य भाग असा:

"सप्टेंबरच्या शेवटी आम्ही चौघं, म्हणजे मी, आमचे हे, माझी बहीण आणि भावोजी, अथेन्स ते व्हेनिस अशा क्रूझवर जाणार आहोत. जहाज छोटं आहे, २०० प्रवाशांचं. वाटेत सँटोरिनी, नाफ्प्लिओ, काताकोलो, कॉर्फू, कोटोर, डुब्रोव्हनिक आणि स्प्लिट ही सात बंदरं. ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन वर्ष झालं. सपाटीवर छान चालतात, पायऱ्या उतरताना मात्र त्रास होतो. जहाजाच्या सहली माणशी दहा-बारा हजारांच्या घरात आहेत. मी पाहण्याच्या ३१ जागांची यादी केली आहे. हे म्हणतात, काही ठरवू नकोस, उतरू आणि फिरू. सहली घ्याव्यात की आपापलं जावं? यादीतलं काय गाळावं?"

ताई, यादी फार मेहनतीने केलेली दिसते, पण ती रुखवतासारखी झाली आहे. मांडायला सुरेख, खायला वेळ कुणाला? आणि यजमानांचा "उतरू आणि फिरू" हा बेत कॉर्फू आणि स्प्लिट सोडले तर कुठेच चालणार नाही. यादी बाजूला ठेवा. प्रत्येक बंदरात हातात नेमके किती तास येतात ते आधी काढा, जागा मग निवडू.

त्याच्याही आधी व्हिसा, कारण तिथे चूक झाली तर पुढचं सगळं फुकट. ग्रीस, क्रोएशिया आणि इटली शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहेत (क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून). कोटोर ज्या देशात आहे तो मॉन्टेनेग्रो मात्र शेंगेनमध्ये नाही. म्हणजे अथेन्सला तुम्ही शेंगेनमध्ये शिरता, कॉर्फूनंतर बाहेर पडता आणि डुब्रोव्हनिकला पुन्हा शिरता. सिंगल एंट्रीचा व्हिसा इथे अपुरा पडतो, मल्टिपल एंट्रीच हवा. अर्जासोबत जहाजाचा बंदरवार कार्यक्रम जोडा आणि कोटोरच्या ओळीवर खूण करा. अर्ज ग्रीसकडे करायचा, कारण प्रवेश तिथूनच आहे आणि जास्त रात्रीही तिथेच. सहा महिने आधीपासून अर्ज घेतात. चालू शेंगेन व्हिसा असलेल्या भारतीयांना मॉन्टेनेग्रोत थोड्या दिवसांसाठी वेगळा व्हिसा लागत नाही, तरी जहाजकंपनीकडून हे लेखी मागून घ्या. ऐनवेळी चढू द्यायचं की नाही, हे तेच ठरवतात. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा लागतोच. त्यात जुनं दुखणं, म्हणजे गुडघा, धरलेलं आहे का ते पॉलिसीत स्वतः वाचा, एजंटच्या तोंडी शब्दावर राहू नका.

आता तासांचा हिशोब. कार्यक्रमपत्रिकेत "८ ते ५" लिहिलेलं असतं, म्हणून आपण नऊ तास धरतो. पण आठ ही जहाज धक्क्याला लागण्याची किंवा नांगर टाकण्याची वेळ. बंदर अधिकाऱ्यांनी मोकळीक दिल्यावरच उतरता येतं, त्यात वीस-तीस मिनिटं जातात. संध्याकाळी पाचला जहाज सुटतं म्हणजे साडेचारला सगळे वर हवेत. जिथे जहाज धक्क्याला लागत नाही तिथे 'टेंडर'ने जायचं. ही निविदा नव्हे, जहाजाची किनाऱ्यावर नेणारी छोटी बोट. तिथे शेवटच्या बोटीची वेळ हीच तुमची वेळ. छोट्या जहाजाचा खरा फायदा इथे दिसतो. तीन हजारांच्या जहाजावर टेंडरसाठी नंबर घेऊन बसावं लागतं, दोनशेंचं जहाज साधारण तासाभरात रिकामं होतं. तरी हिशोबात अडीच तास वजा धरा: उतरण्याचा अर्धा, परतीचा अर्धा, टेंडरचा अर्धा आणि एक तास राखीव. नऊचे साडेसहा उरले. त्यात जेवण धरलं की एक मोठी जागा आणि एक रमतगमत फेरी, एवढंच बसतं. सात बंदरं, सात मोठ्या जागा. बाकीच्या २४ कागदावरच बऱ्या.

सहलींचं गणित सरळ आहे. जहाजाच्या सहलीची बस अडकली तर जहाज थांबतं किंवा तुम्हाला पुढे पोचवायची जबाबदारी घेतं. तुम्ही आपापले गेलात आणि उशीर झाला तर जहाज निघून जातं आणि पुढच्या बंदरापर्यंतचा खर्च तुमचा. म्हणजे माणशी दहा हजारांत गाइड आणि बस असतेच, पण मुख्यतः हा विमा असतो. जागा लांब असेल, रस्ता एकच असेल किंवा टेंडर असेल, तर तो घेण्यासारखा. बोटीतून उतरल्यावर गावच समोर असेल, तर कशाला? शिवाय तुम्ही चौघं आहात. अर्ध्या दिवसाची टॅक्सी चौघांत वाटली की चार सहलींच्या पैशांपेक्षा बहुतेक वेळा बरीच स्वस्त पडते. टॅक्सी ठरवताना तीन गोष्टी कागदावर लिहून दाखवा: कुठे जायचं, तिथे किती वेळ थांबायचं, बंदरात किती वाजता परत. सगळे पैसे परत आल्यावर द्यायचे. आधी दिलेत तर परतीची हमी कोण देणार?

सुरुवात अथेन्सपासून. जहाज सुटण्याच्या दिवशी सकाळी विमानाने उतरून दुपारी ॲक्रोपोलिस (टेकडीवरची प्राचीन मंदिरं) आणि संध्याकाळी जहाज, असा बेत तुमच्या पत्रात आहे. तो मोडा. ॲक्रोपोलिसचं तिकीट ठरावीक वेळेचं असतं (एप्रिल २०२५ पासून ३० युरो), विमान लांबलं की ते वाया. आदल्या दिवशी, जमलं तर दोन दिवस आधी पोचा आणि सकाळी आठची वेळ घ्या. संध्याकाळची घ्यायची असेल तर सप्टेंबरच्या मध्यानंतर बंद होण्याची वेळ अलीकडे येते, हे बघून घ्या. वरचा संगमरवर लाखो पावलांनी गुळगुळीत झालेला आहे. कोरडा असतानाही पाय सरकतो, म्हणून रबरी तळव्याचे बूट हवेत, चपला नकोत. चालायला अडचण असणाऱ्यांसाठी उत्तरेच्या बाजूला लिफ्ट आहे. ऑपरेशनचे कागद जवळ ठेवा आणि फाटकावर विचारा. मात्र वारा जोराचा असला की ती बंद ठेवतात. अथेन्सच्या पिरेअस बंदराला शहरातून मेट्रो जाते, विमानतळावरूनही निळी लाइन थेट येते. पण स्टेशनपासून क्रूझचे धक्के दीड-दोन किलोमीटर किंवा त्याहून लांब आहेत. बॅगा घेऊन हे अंतर चालायचं नसतं, तेवढ्यापुरती टॅक्सी करा.

सँटोरिनीवर जरा जास्त थांबतो, कारण सगळ्यांची फसगत इथेच होते. हे बेट म्हणजे बुडालेल्या ज्वालामुखीचा काठ. आतलं पाणी इतकं खोल आहे की जहाजं धक्क्याला लागत नाहीत, टेंडरने जुन्या बंदरात उतरवतात. फिरा गाव वर, कड्याच्या टोकावर. वर जायला तीन वाटा: केबल कार, सुमारे ५८० पायऱ्या किंवा त्याच पायऱ्यांवरून गाढव. वर जाणं तसं सोपं, अडकायला होतं ते उतरताना. तीन-चार मोठ्या जहाजांची माणसं दुपारी एकदमच परत निघतात आणि केबल कारची रांग तासाच्या वर जाते. घड्याळ बघून धीर सुटला की लोक पायऱ्या धरतात. त्या उतरत्या, लादी-दगडाच्या, मध्येमध्ये गाढवं आणि त्यांची लीद. यजमानांच्या गुडघ्याला हा मार्ग पूर्ण वर्ज्य समजा. म्हणून शेवटच्या टेंडरच्या दोन तास आधी केबल कारच्या रांगेत उभं राहायचं. लवकर खाली पोचलात तर बंदरावर कॉफी प्या.

या बेटावर जहाजाची सहल घ्या, असं माझं मत. सहलीच्या लोकांना बहुधा अथिनिओस बंदरात उतरवून बसने वर नेतात, त्यामुळे चढतानाची रांग वाचते. परत येताना मात्र बहुतेक सहली तुम्हाला फिरात सोडतात आणि केबल कारचं तिकीट हातात देतात, म्हणजे रांगेतून सुटका नाही. इया आणि अक्रोतिरी यांत निवड करायची असेल तर गुडघ्यासाठी अक्रोतिरी बरं. राखेखाली गाडलं गेलेलं कांस्ययुगीन शहर, वर छप्पर, चालायला बांधलेल्या वाटा आणि ऊन नाही. इया म्हणजे फोटोतलं गाव: सुंदर, अरुंद आणि पायऱ्यापायऱ्यांचं. तुमचं जहाज रात्री नऊ-दहापर्यंत थांबणार असेल तर खेळच बदलतो. सकाळी जहाजावरच आराम करा, मोठ्या जहाजांची माणसं खाली परतू लागतात तेव्हा तीन-साडेतीनला वर जा. फक्त खाली येणारी शेवटची केबल कार कितीला, ते वर पोचल्या पोचल्या विचारा. त्या दिवशी किती जहाजं आहेत हे बंदराच्या क्रूझ वेळापत्रकात महिनोन्‌महिने आधी दिसतं. २०२५ पासून दिवसाला ८,००० क्रूझ प्रवाशांची मर्यादा घातली आहे, पण फिराच्या गल्ल्यांना आठ हजारही भारीच. इथे उतरण्याचा माणशी २० युरो कर (जून ते सप्टेंबर) जहाजाच्या बिलात येतो, तो कुणी बंदरावर मागितला तर देऊ नका.

टेंडरमध्ये चढताना यजमानांच्या हातात काहीही नको. पिशवी पाठीला, काठी बहिणीकडे. खलाशी दोन्ही बाजूंनी कोपराजवळ धरतात. बोट लाटेवर वर आली की ते सांगतील तेव्हाच पाऊल टाकायचं, आपल्या मनाने नाही. लाटा जास्त असतील तर गुडघ्याच्या माणसाला ते थांबायला सांगू शकतात, त्यावर वाद घालू नये. मेल्टेमी नावाचा उत्तरेचा वारा एजियनमध्ये जुलै-ऑगस्टमध्ये सर्वांत जोरात असतो. सप्टेंबरच्या शेवटी उतरणीला लागतो, पण संपलेला नसतो. टेंडरचं बंदर रद्द झालं तर सहसा बंदराचे करच परत मिळतात, तिकिटाचे पैसे नाहीत. त्यामुळे सँटोरिनीवर बाहेरून काहीही आगाऊ, परत न मिळणारं बुक करू नका.

नाफ्प्लिओ हे छोट्या जहाजाचं खरं सुख. बोटीतून उतरलं की गाव, संगमरवरी फरशीचा चौक आणि सपाट गल्ल्या. वरच्या पालामिदी किल्ल्याला ९९९ पायऱ्या असल्याचं गावकरी सांगतात. मोजल्या तर कमी भरतात, पण गुडघ्याला तो फरक कळणार नाही. मागच्या बाजूने किल्ल्याच्या दारापर्यंत डांबरी रस्ता आहे. टॅक्सीने जा, तिला थांबवा, टॅक्सीनेच उतरा. मोठी जागा म्हणून एपिडावरोस निवडा. साधारण तीस किलोमीटरवर इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातलं नाट्यगृह आहे. सगळ्यात खालच्या पायरीवर बसूनही त्याची भव्यता कळते. मधल्या दगडावर उभं राहून कुणी साध्या आवाजात बोललं तर वरपर्यंत ऐकू येतं, म्हणून भावोजींना वर पाठवा. मायसीनी या प्राचीन नगराचे अवशेषही जवळ आहेत, पण तिथे चढ आहे आणि सावली नाही. दोन्ही एका दिवसात कोंबू नका.

काताकोलोमध्ये स्वतःचं असं फार काही नाही, तिथे उतरतात ते ऑलिंपियासाठी. टॅक्सीने चाळीसेक मिनिटं. जागा सपाट आणि झाडांची आहे, या सहलीतली गुडघ्याला सर्वांत मानवणारी. हेरा देवीच्या मंदिरापाशी आजही ऑलिंपिकची ज्योत पेटवतात. लोक अवशेषांमध्ये दोन तास घालवतात आणि संग्रहालय पंधरा मिनिटांत उरकतात. तुम्ही वेळेची वाटणी उलट करा. आधी अवशेष, ऊन चढलं की संग्रहालय, कारण प्राचीन शिल्पकार प्रॅक्सितेलीसचा मानला जाणारा हर्मीस देवाचा पुतळा आत आहे.

कॉर्फूला यजमानांचं ऐका: उतरा आणि फिरा. नव्या बंदरापासून जुनं गाव दोनेक किलोमीटर आहे, बहुधा शटल बस असते. पण इथे एक विचित्र सापळा आहे. बेटाच्या ईशान्येला अल्बेनिया इतका जवळ आहे की मोबाइल तिकडचं नेटवर्क पकडतो. अल्बेनिया ग्रीसपेक्षा एक तास मागे, त्यामुळे फोनचं घड्याळ गुपचूप एक तास मागे जातं. तुम्ही साडेतीन समजून आइस्क्रीम खात असता आणि धक्क्यावर साडेचार वाजलेले असतात. वर रोमिंगचं बिलही युरोपियन युनियनच्या पॅकबाहेरचं. दोन उपाय: फोनमध्ये नेटवर्क हाताने ग्रीसचं निवडा आणि मनगटावर साधं घड्याळ बांधा, तेही 'जहाजाच्या वेळे'ला लावलेलं. कॉर्फूनंतर कोटोरकडे जाताना घड्याळ खरोखरच एक तास मागे करतात. त्या रात्री केबिनमध्ये येणारं दुसऱ्या दिवसाचं पत्रक वाचल्याशिवाय झोपू नका. समुद्रात असताना फोन विमान मोडवर ठेवा, कारण जहाजावरचं मोबाइल नेटवर्क उपग्रहाचं असतं आणि अतिशय महाग.

कोटोरला सगळ्यात सुंदर भाग उतरण्याच्या आधीच घडतो. जहाज डोंगरांच्या मधून वळणं घेत आखाताच्या आत शिरतं. वेरिगेच्या चिंचोळ्या खिंडीत दोन्ही काठ हाताला येतील असं वाटतं. पहाटेचा गजर लावा, नाश्ता नंतर. छोटी जहाजं बहुतेक वेळा जुन्या गावाच्या तटाला लागूनच उभी राहतात, रस्ता ओलांडला की वेस. तटावरून किल्ल्यावर जायला १,३५० पायऱ्या आहेत. तुमच्या यादीत हा किल्ला पहिल्या पाचात आहे, त्याच्यावर काट मारा. बहीण आणि भावोजींना जायचं असेल तर सकाळी उतरल्या उतरल्या जाऊ दे, दहानंतर डोंगर तापतो. तुम्ही दोघं पेरास्तला जा. बारा किलोमीटर, आणि तिथून छोट्या होडीने बेटावरचं चर्च. इथेही सकाळीच, कारण आखाताला वळसा घालणारा रस्ता एकच आहे आणि दुपारी तो तुंबतो. चलन युरोच चालतं, वेगळे पैसे नकोत.

डुब्रोव्हनिकचा पहिला प्रश्न जहाजकंपनीला आजच विचारा: जहाज ग्रुझ बंदराला लागणार की जुन्या गावासमोर नांगर टाकणार? ग्रुझ असेल तर जुन्या गावापर्यंत तीन किलोमीटर, सिटी बस किंवा टॅक्सी. नांगर असेल तर टेंडर थेट जुन्या बंदरात, तटबंदीच्या आत. दिवसाचा बेत यावर ठरतो. शेंगेनमध्ये परत शिरण्याची तपासणी इथेच असल्याने उतरायला इतर बंदरांपेक्षा जास्त वेळ धरा. तटबंदीची फेरी १,९४० मीटरची, एकाच दिशेने, सावली जवळजवळ नाही आणि पायऱ्या भरपूर. एकदा वर चढलं की मध्येच खाली यायला मोजकेच जिने. यजमानांना तिथे नेऊ नका. स्र्द्झ डोंगरावर केबल कार चार मिनिटांत जाते, ४०० मीटरवरून अख्खी तटबंदी एका नजरेत दिसते. तिकिटाच्या बाबतीत एक गंमत: एका दिवसाच्या डुब्रोव्हनिक पासमध्ये तटबंदी, काही संग्रहालयं आणि सिटी बस धरलेली असते, आणि त्याची किंमत नुसत्या तटबंदीच्या तिकिटाइतकीच असते. तरी बरेच जण नुसतं तिकीटच घेतात.

स्प्लिटला नियोजन नकोच. धक्क्यापासून चालत दहा-पंधरा मिनिटांत रोमन सम्राट डायोक्लेशियनचा राजवाडा, ज्याच्या आत आजही माणसं राहतात, कपडे वाळत घालतात. रविवार आला तर लक्षात ठेवा: क्रोएशियात २०२३ पासून दुकानं वर्षातले मोजकेच रविवार उघडी असतात, म्हणून औषधं आणि किरकोळ खरेदी शनिवारी.

खाण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण शाकाहारी असाल तर विचारायला हवं होतं. ग्रीसमध्ये "नीस्तीसीमो" म्हणजे उपवासाचं. मांस, दूध, अंडी नसतात, पण त्यांच्या उपवासाला शिंपले आणि ऑक्टोपस चालतात! आपली साबुदाण्याची कल्पना तिथे नको. सरळ "मांस नाही, मासे नाहीत" सांगा. सँटोरिनीची फावा म्हणजे घोटलेल्या डाळीचं वरण, कांदा आणि ऑलिव्ह तेल घालून. भरलेले टोमॅटो म्हणजे गेमिस्ता, कधी खिम्याचे असतात, विचारून घ्या. क्रोएशियात ब्लित्वा, पालकासारखी भाजी बटाट्यासोबत, आणि स्प्लिटच्या बाजारात सोपार्निक, पालेभाजी भरलेली पातळ पोळी. रिझोटो, म्हणजे रस्श्यात शिजवलेला मऊ भात, भाज्यांचा असला तरी रस्सा माशांचा असू शकतो.

रोज उतरताना खिशात काय हवं: जहाजाचं कार्ड, पासपोर्टची फोटोकॉपी, बाटलीभर पाणी, सुटे युरो आणि त्या दिवसाचं पत्रक. पत्रकावर बंदरातल्या एजंटचा फोन नंबर छापलेला असतो, तो नुसता फोनमध्ये नको, कागदावर. जहाज चुकलं तर पहिला फोन याच माणसाला. पासपोर्ट जहाजाने ठेवून घेतला नसेल तर तिजोरीत ठेवा आणि तिचा आकडा बहिणीलाही सांगून ठेवा.

व्हेनिसला २५,००० टनांवरच्या जहाजांना ऑगस्ट २०२१ पासून शहरालगतच्या जुदेक्का कालव्यात मनाई आहे. तुमचं लहान जहाज मात्र शहरातच, सान बाझिलिओला लागू शकतं. तिथून वापोरेत्तो म्हणजे पाण्यावरची बस आहे. एका फेरीचं तिकीट ९.५० युरो, ७५ मिनिटं चालतं. दिवसभराच्या पाहुण्यांकडून घेतलं जाणारं प्रवेश शुल्क २०२४ आणि २०२५ मध्ये एप्रिल ते जुलैमधल्या ठरावीक दिवसांनाच होतं. तुमच्या तारखा निघण्याआधी नगरपालिकेच्या साइटवर बघा. आणि हॉटेल घेताना फोटो नंतर बघा, आधी नकाशावर वापोरेत्तोच्या थांब्यापासून दारापर्यंत किती पूल लागतात ते मोजा. प्रत्येक पुलाला पायऱ्या आहेत आणि बॅगा चौघांच्या आहेत.